एका भिंतीची एक, दुसऱ्या भिंतीची एक

लेर्खबाख,
मेणबत्त्यांच्या सणानंतरचा मंगळवार

आदरणीय नॉटबुर्गाताई हिला,
धाकट्या कासियानचा, मान जितकी खाली जाते तितकी घालून, नमस्कार.

तुझी तब्येत ठणठणीत असेलच. (पत्राच्या सुरुवातीला अशी चौकशी करायची असते म्हणून करतो. खरं तर मला ठाऊक आहे. परवा रविवारी मी तुझ्या पायवाटेनं वर येत होतो, तेव्हा तू अंगणातलं बर्फ फावड्यानं उचलून नेमकं मी पुढचं पाऊल ठेवणार तिथे टाकलंस, आणि हे चार वेळा केलंस. खांदा दुखणाऱ्या बाईला ते जमत नाही.) राळेच्या वासानं येणारा खोकला कसा आहे? थंडीत कोंबड्या अंडी देतात का? मांजराची चौकशी करत नाही, कारण तुझ्या घरातलं तेवढं एकच अजून माझ्याशी बोलतं आणि त्याच्याकडून बाकीची खबर मिळते.

चार किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहायची वेळ यावी ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही. पण तू फोन उचलत नाहीस. दाराशी मी तीनदा आलो, आणि तिन्ही वेळा मी तोंड उघडलं की तू कडा घासायचं मशीन चालू केलंस. पहिल्या दोन वेळी मी मुकाट्यानं परत गेलो. तिसऱ्या वेळी म्हटलं, मशीन तर मशीन, आणि त्या घरघरीतच उभा राहून पाऊण तास सगळं बोलून मोकळा झालो. चांगलं बोललो होतो, ताई. मध्ये एकदा माझे डोळेही भरून आले. मशीन थांबल्यावर तुझा थोरला कारागीर बाहेर आला आणि म्हणाला, "काका, काही हवं होतं का?" त्याला काय सांगणार? म्हटलं, थोडं मेण हवं होतं. ते मेण घेऊन घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

तेव्हा पहिल्यापासून सांगतो. समितीनं ठरवलं होतं की आपल्या स्कीशाळेच्या बावीसही शिक्षकांना यंदापासून एकाच घडणीची स्की द्यायची, सकाळच्या कडक बर्फासाठी, अरुंद कमरेची, म्हणजे मधे बारीक, आणि तीही खोऱ्यातल्याच कारखान्याची. खोऱ्यात कारखाने दोन: एक रूपर्टभावोजींचा, म्हणजे आता तुझा, आणि दुसरा ओढ्यापलीकडचा, विर्गिलचा. विर्गिल अठरा वर्षं भावोजींच्या हाताखाली होता, त्यामुळे तुमच्या दोघांच्या स्की सारख्या निघणार यात नवल नाही. दोन्हींची कमर अडुसष्ट मिलिमीटर, दोन्ही उभ्या केल्या तर माझ्या नाकापर्यंत, दोन्हींच्या पोटात एकाच रानातल्या अॅशच्या झाडाचं लाकूड. ज्याची स्की निवडली जाईल त्याच्या कारखान्याचे पुढचे दोन हिवाळे निघतील, आणि ज्याची नाही त्याला माणसं कमी करावी लागतील. तुझ्याकडे माणसं आहेतच दोन. हे मला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःसाठी ठेवलेली नाही.

निवाडा करायला समितीनं मला नेमलं. तीस वर्षं शाळेचा मुख्य होतो, आणि "कासियानच्या पायांना कळतं" असं लोक म्हणतात (म्हणत). सख्ख्या बहिणीची स्की तोलायला भावाला बसवणं कुणाला खटकू नये म्हणून युक्ती मीच सुचवली: दोन्ही जोड्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळायची, नाव दिसता कामा नये. पहिल्या जोडीच्या शेपटाला, म्हणजे स्कीच्या मागच्या टोकाला, एक पांढरी पट्टी, दुसरीच्या शेपटाला दोन. कुठली कुणाची हे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं आणि पाकीट फिलोमेनाच्या कपाटात. (फिलोमेना आपल्या शाळेची चिटणीस. तिच्या कपाटातून तिच्या मनाविरुद्ध पेन्सिलसुद्धा बाहेर आलेली नाही.) सगळ्यांनी मान डोलावली. मी मात्र तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, गुंडाळायचं तर गुंडाळा, तुमच्या समाधानासाठी, पण माझ्या पायांना वाचता येतं. हे वाक्य मी उभा राहून म्हणालो, ताई, आणि म्हणून झाल्यावर थोडा वेळ उभाच राहिलो.

तो दिवस तुला आठवत असेल, जानेवारीतला, उणे सोळाचा. रात्री यंत्रानं दाबून ठेवलेला वरचा उतार सकाळी फरशीसारखा वाजत होता. अशाच बर्फावर स्कीची लाज निघते. मऊ बर्फात काय, कपाटाचं दारही वळतं. ठरलं असं की सकाळी पहिली जोडी माझ्या पायात आणि दुसरी फिलोमेनाच्या, जेवणानंतर अदलाबदल. (तिचे आणि माझे बूट एकाच मापाचे आहेत. यावर तिच्यासमोर कुणी बोलत नाही.) सकाळ फार छान गेली. पहिली जोडी मनात आणायच्या आत वळत होती, मागे वळून पाहिलं की बर्फात दोन बारीक रेघा, सुरीनं ओढल्यासारख्या. मी लिफ्टमध्ये फिलोमेनाला बरंच काही सांगितलं आणि ती ते वहीत लिहीत होती. फिलोमेना हातमोजे घालून लिहू शकते, हे मला आधी ठाऊक असतं तर मी कमी बोललो असतो.

दुपारी वरच्या झोपडीत जेवायला थांबलो, आणि इथेच सगळं बिघडलं. झोपडीबाहेर स्की ठेवायची आपली रीत तुला सांगायला नको: एक स्की एका भिंतीला आणि तिची जोडीदार पार पलीकडच्या भिंतीला, म्हणजे चोराला अख्खी जोडी मिळत नाही. आमच्या त्या पट्ट्या गुंडाळलेल्या काळ्या काठ्या चोरणारा चोर अजून जन्माला आलेला नाही. पण पन्नास वर्षांची सवय. मी एक पूर्वेच्या भिंतीपाशी रोवली, एक पश्चिमेच्या. फिलोमेनानंही तसंच केलं. शेपूट खाली, टोक वर, बर्फात चांगली वीतभर खोल. पांढऱ्या पट्ट्या कुठे होत्या? शेपटाला. शेपटं कुठे होती? आता कळलं असेल तुला. मला कळायला त्यानंतर पाच दिवस लागले.

आत बार्लीचं सूप होतं, मग लोणी सोडलेले डुकराच्या खारवल्या मांसाचे गोळे, आणि झोपडीवाल्यानं घरच्या देवदाराच्या बोंडांची दारू आणली, कारण निवाडा करणाऱ्याचा घसा कोरडा राहणं बरं नाही. मी एकच पेला घेतला. (फिलोमेनाच्या वहीत दोन लिहिलेत.) बाहेर आलो तोवर वारा सुटला होता, चारही स्कींवर पांढरं पीठ चाळल्यासारखं दव गोठलेलं. मला आता दुसरी जोडी घ्यायची होती. मी पूर्वेच्या भिंतीची एक उपटली, पश्चिमेच्या भिंतीची एक उपटली, शेपटांवर बर्फ थापलेलंच होतं, तसेच बूट अडकवले आणि चंद्रावर चालल्यासारखा डौलात निघालो. राहिलेल्या दोन फिलोमेनानं घेतल्या.

ताई, त्या दुपारी माझ्या डाव्या पायात विर्गिलची स्की होती आणि उजव्या पायात तुझी.

हे मला कळलं नाही. काहीच कळलं नाही असं मात्र नाही, आणि तेच वाईट झालं. उजवीकडे वळायचं मनात आलं की (तेव्हा भार डाव्या स्कीवर येतो) वळण तिथल्या तिथे सुरू होत होतं. डावीकडे वळायचं तर आधी अर्धा क्षण काहीच नाही आणि मग एकदम घट्ट पकड. उजवी वळणं एका माणसाची, डावी वळणं दुसऱ्याची. एक बैल तरुण आणि एक म्हातारा जुंपल्यावर गाडी जाते तसा मी त्या उताराखाली गेलो. अकरा फेऱ्या केल्या. एखाद्या मूर्खानंही तिसऱ्या फेरीला थांबून पायांकडे पाहिलं असतं. पण ज्याच्या पायांना वाचता येतं तो कशाला खाली बघेल?

मग शुक्रवारी खालच्या खानावळीतली ती सभा. तू शेगडीजवळच्या बाकावर होतीस, विर्गिल दाराजवळ पाइप न पेटवता चावत बसला होता, पाद्रीबाबा पहिल्या रांगेत. मी पहिल्या जोडीची तारीफ केली, ती तू ऐकलीसच. दुसरीबद्दल जे बोललो ते इथे पुन्हा लिहिताना हात मागे येतोय, पण लिहिलं नाही तर पत्राला अर्थ नाही. मी म्हणालो की या दोन स्की एकमेकींना ओळखत नाहीत. ही जोडीच नव्हे. म्हणालो की करणाऱ्यानं एक केली सोमवारी आणि दुसरी केली शनिवारी, एक मन लावून आणि एक खिडकीबाहेर बघत. ज्याला दोन स्की सारख्या करता येत नाहीत त्यानं दाराच्या चौकटी कराव्यात, असंही म्हणालो, आणि लोक हसले तेव्हा थांबलो, हसू पुरतं होऊ दिलं. मग फिलोमेनानं पाकीट फोडलं आणि वाचलं: पहिली जोडी विर्गिल श्टेमबर्गर, दुसरी जोडी नॉटबुर्गा.

तू उठलीस, कोट घातलास, गेलीस. त्या वेळी माझ्या तोंडाचा जो रंग गेला तो लोकांनी वेगळ्याच अर्थानं घेतला. अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, असा माणूस खोऱ्यात झाला नाही, सख्ख्या बहिणीलाही ज्यानं सोडलं नाही. त्या दिवसापासून, ताई, माझे काय हाल आहेत ते कुणाला सांगू? रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात माझं उदाहरण दिलं, नाव न घेता, पण माझ्याकडे बघत. खाटिक मला सॉसेज कापून देतो आणि वजन करतच नाही, म्हणतो तुमच्यासमोर काटा कशाला. अग्निशमन दलाच्या बँडनं माझ्या खिडकीखाली दोन गती वाजवल्या. तेवढ्या वेळात मी पडद्याआड स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होतो.

कारण सभेनंतरच्या सोमवारी, बँड यायच्या आधीच, मी स्कीखोलीत पट्ट्या सोडवायला गेलो होतो. "दुसरी जोडी" म्हणून बांधून ठेवलेल्या त्या दोघींचं बर्फ आता वितळलं होतं. एका शेपटाला दोन पट्ट्या. दुसऱ्या शेपटाला एक. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तरी एकच. मग मी काय केलं असेल असं तुला वाटतं? तू माझी बहीण आहेस, तेव्हा तुला बरोबरच वाटत असेल. मी दार आतून लावून घेतलं, तुझी स्की तिच्या जोडीदाराजवळ ठेवली, विर्गिलची तिच्या जोडीदाराजवळ, सगळ्या चिकटपट्ट्या सोडवल्या, चुरगळून खिशात घातल्या आणि घरी निघालो. दार उघडलं तर समोर फिलोमेना, हातात झाडू. म्हणाली, "लावल्या का नीट?" मी म्हटलं, काय नीट? म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मिसळल्या होत्या त्या." मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तर शांतपणे म्हणते, "माझ्या दोन वेगवेगळ्या होत्या की. पहिल्या वळणालाच कळलं. मला वाटलं ही तुमची काहीतरी पद्धत असेल. तुम्ही एवढे गंभीर दिसत होतात, मध्येच कसं विचारायचं?" आणि झाडायला लागली.

तर असा मी आहे. तुझी स्की वाईट नाही. तुझा हात थरथरत नाही. तुझ्या दोन स्की एकमेकींना चांगल्या ओळखतात. तुझ्या भावाला एक काठी दुसऱ्या काठीपासून वेगळी ओळखता येत नाही. योग्य वेळ पाहून हे मी समितीच्या कानावर घालणार आहेच. या आठवड्यात कार्निव्हल आहे, आणि अध्यक्षांची दाढ सुजली आहे, सुजलेल्या दाढेच्या माणसापुढे असला विषय काढणं बरं दिसत नाही. पण घालीन. तोवर एवढंच मागणं की मला क्षमा कर, कारण माझ्या हातून चूक झाली ती प्रामाणिकपणे झाली. मी आपलं-परकं पाहिलं नाही, एवढं तरी तू माझ्या बाजूनं धर.

मांजराला माझी आठवण सांग. कारागिरांना नमस्कार.

तुझा (तू अजून म्हणत असलीस तर) भाऊ,
कासियान

ता. क. (बुधवार)
पत्र टाकायला निघालो तर घरात तिकीट नव्हतं, म्हणून शाळेत गेलो. फिलोमेना म्हणाली, तिकीट देते, पण जरा बघू. पाकीट उघडंच होतं. तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि म्हणाली, "तेवढं एक सोडून सगळं लिहिलंत." मी विचारलं, काय सोडून? तिनं कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. तिथे तिच्या त्या सरळ अक्षरांत लिहिलं होतं: सकाळी दहा वाजून पाच, लिफ्टमध्ये, निवाडा करणारे म्हणतात की ही पहिली जोडी माझ्या बहिणीची, आमच्या बुर्गलचीच, शंकाच नको, दुपारी विर्गिलची पाहून घेऊ.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा लिहितो. वर जे शेवटी लिहिलं आहे ते खोटं आहे. मी आपलं-परकं पाहिलं, ताई. मी दुसरं काही पाहिलंच नाही. सकाळी पहिल्या वळणाला मला वाटलं ही तुझी, आणि मग ती मला आवडायलाच लागली. दुपारी ती दुसरी जोडी लंगडायला लागली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, मला आनंद झाला. विर्गिल फसला म्हणून. चौकटींचं ते वाक्य आयत्या वेळी सुचलेलं नाही. गुरुवारी आरशासमोर उभा राहून तयार केलं होतं, विर्गिलसाठी, आणि हसण्यासाठी जागा ठेवून म्हणून पाहिलं होतं. म्हणजे ज्या माणसाचं देवळात उदाहरण देतात तो बहिणीसाठी लबाडी करायला निघाला होता, आणि त्याला लबाडीही धड करता आली नाही. चुकीची लाज वेगळी असते. ही तशी नाही. आज सकाळपासून मला जेवण गेलं नाही. (सूप थोडं घेतलं.)

आणखी एक. आज पहाटे, लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, मी दोन्ही जोड्या खांद्यावर टाकून पायी वर गेलो आणि दोन्हींवरून नीट उतरलो, जोडीला जोडी. आता काय कळलं ते तुला सांगणं भाग आहे, जरी माझ्या सांगण्याला काही किंमत उरली नसली तरी. विर्गिलची स्की हाक मारल्याबरोबर उठते. टोक जरा टेकवलं की वळण सुरू. तुझी तशी नाही. तुझी आधी अंमळ ऐकून घेते. पण एकदा कडेवर कलली की मग खाली निळं बर्फ असो, काच असो, ती थरथरत नाही, सोडत नाही, वळणाच्या अगदी शेवटापर्यंत माणसाला धरून ठेवते. दोन्हीत फरक एवढाच, आणि तो फार बारीक आहे. कुठली बरी हे मी सांगणार नाही.

पण निवाड्याच्या त्या दिवशी सकाळी मी कुणाला ओळखलं ते मला आज वर एकट्यानं उभं असताना कळलं. ती पटकन उठणारी स्की मला घरची वाटली, कारण ती भावोजींसारखी आहे. रूपर्टभावोजींच्या स्की तशाच होत्या, आणि विर्गिलनं ते जसंच्या तसं ठेवलंय. तू ठेवलं नाहीस. ते गेल्यानंतरच्या सहा वर्षांत तू तुझी वेगळी स्की केलीस, आणि मी दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येऊन ते कधी पाहिलं नाही. तुझ्या टेबलाशी बसून मी मेलेल्या माणसाच्या हाताची तारीफ करत होतो आणि तू वाढत होतीस. याची मला त्या मिसळलेल्या जोडीपेक्षा जास्त लाज वाटते.

दुसरा ता. क. (शनिवार)
तिकीट अजून लावलेलं नाही, कारण काल सांगून टाकलं. अध्यक्षांची दाढ बुधवारीच उपटली होती, हे मला ठाऊक होतं. खानावळीत सगळे जमले होते, आणि मला मानद सभासद करायचा ठराव वाचायला घेतला होता. अर्ध्यावर मी उठलो आणि सांगितलं, भिंती, शेपटं, पट्ट्या, बंद दार, सगळं. फिलोमेनानं वहीचं ते पानही वाचून दाखवलं, मीच सांगितलं होतं तिला, नाहीतर मी ते पुन्हा गाळलं असतं. पाद्रीबाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. खाटकानं मागून विचारलं की दोन आठवड्यांच्या सॉसेजचं काय. थोडे हसले. मला हसू आलं नाही, आणि ज्यांना आलं त्यांचंही लवकर गेलं.

मग प्रश्न आला की आता निवाडा कुणी करायचा. एकानं एकाचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं म्हटलं तो विर्गिलचा साडू. दुसऱ्यानं दुसऱ्याचं सुचवलं, तर तो तुझ्या कारागिराचा मामा. या खोऱ्यात कुणी कुणाचं नाही असा माणूस निघेना. अध्यक्ष वैतागून म्हणाले की परदेशातून माणूस आणायचा का. तेव्हा विर्गिलनं तोंडातला पाइप काढला. तुला माहीत आहे, तो वर्षातून दोनदा बोलतो. म्हणाला, "बुर्गलला आणा." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. म्हणाला, "दोन्हींवर तिलाच उभी करा. माझी बरी असली तर ती तसं सांगेल." अध्यक्षांनी विचारलं, आणि तिनं स्वतःची बरी म्हटली तर? विर्गिल म्हणाला, "मग ती बरी असेल," आणि पाइप परत तोंडात घातला. हात वर झाले, सगळे. पंधरा दिवस सगळं खोरं मला प्रामाणिक म्हणत होतं, पण माझ्याबद्दल असं कुणाच्या तोंडून आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं. ज्याचं सगळं काम जाऊ शकतं तो माणूस ते तुझ्याबद्दल बोलला.

तर खरं मागणं हे आहे. येत्या शुक्रवारी, सकाळी नऊला, वरच्या उतारावर. मी तुझ्या वतीनं हो म्हणून बसलोय. भावोजी गेल्यापासून तू स्कीवर उभी राहिलेली नाहीस, माहीत आहे. तरी ये. मी वर नसेन. मला समितीनं त्या दिवशी लिफ्टच्या फाटकाशी तिकिटं बघायला उभं केलंय, तेव्हा तुला माझ्या समोरून जावं लागेल, तेवढं सोस.

आणि एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. दोनदा लिहायला घेतली आणि दोनदा पुढे गेलो. त्या शुक्रवारी तू सभेतून निघालीस तेव्हा मी वाटेत उभा होतो, आणि तू मला म्हणालीस, "अहो, जरा बाजूला व्हाल का." आपल्याकडे हजार मीटरच्या वर आपण चुकलेल्या परक्या माणसालाही अरे-तुरे करतो. तू मला एकसष्ट वर्षांत गाढव म्हणालीस, बैल म्हणालीस, लहानपणी एकदा सगळ्यांसमोर कानफटात मारलीस. शुक्रवारी फाटकाशी यातलं काहीही चालेल, ताई. लोक असले तरी चालेल. फक्त अहो म्हणू नकोस.